आधी गोळी, मग चमचा

जागेश्वरला खोटं बोलता येत नाही, आणि ज्याला खोटं बोलता येत नाही त्यानं काही विकायला बसू नये, हे मी त्याच्या तोंडावर दहादा सांगितलं आहे. आंबागडला सगळे त्याला माशीवाला म्हणतात. त्याच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे खाचराच्या बांधावर, मधमाश्यांच्या आठ पेट्या आहेत. कोणी मध घ्यायला आलं की हा गडी आधी सांगणार, "अवंदा मध पातळ हाय जी. पाणी उशिरापर्यंत पडला ना." गिऱ्हाईक मान डोलावतं आणि निघून जातं. आतून त्याची बायको पुष्पाबाई ऐकत असते. ती कपाळाला हात लावते आणि पुन्हा कामाला लागते.

मी उषा, गावची आशा वर्कर. कोणाचं बीपी, कोणाची साखर, कोणाचा नववा महिना, हे पाहत घरोघर फिरायचं. कोणाच्या घरी कोणती गोळी कोणत्या फळीवर न खाता पडून आहे, हे मला त्यांच्या सुनांपेक्षा जास्त माहीत. माझं तोंड फटकळ आहे, मान्य. पण गोड बोलून आजवर कोणी गोळी गिळलेली मी पाहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी जागेश्वरनं परागाचं काम सुरू केलं. मधमाशी फुलावर बसते, फुलाचं पीठ गोळा करते आणि त्याच्या बारीक गोळ्या करून मागच्या दोन पायांवर घरी नेते. पेटीच्या दाराला बारीक भोकांची एक पट्टी लावायची. माशी भोकातून अंग चोरून आत शिरते तेव्हा पायावरची गोळी खालच्या खणात पडते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तुमसरच्या बाजारातली पावती फाडणारी माणसं आठवली. मी तसं बोललेही. जागेश्वरला ते लागलं. तेव्हापासून त्याचा नियम झाला, चार दिवस पट्टी आणि चार दिवस दार मोकळं. म्हणाला, "सगळं आपुनच नेलं तं त्यायचे लेकरं काय खाईन?"

मग नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं त्याला फोन केला. पराग पाहिजे, स्वच्छ निवडलेला, वीस बरण्या. सोबत बरणीवर गुंडाळायला छापलेल्या कागदांचा गठ्ठाही पाठवला. त्यावर पराग खाल्ल्यानं बरे होणारे एकवीस आजार होते. साखर, बीपी, सांधेदुखी, मूळव्याध, केस गळणं, विसरभोळेपणा आणि पुरुषांचं जे काही असतं ते. जागेश्वर तो कागद घेऊन माझ्या ओट्यावर आला.

"उषाबाई, हे खरं हाय का?"

"कागद काय, काहीबी सोसते," मी म्हटलं.

"तुमी इतके घरं फिरता. यानं साखर उतरलेला मानूस पाह्यला का?"

"नाही."

त्यानं खिशातून पेन काढलं आणि साखर खोडली. मग बीपी, मग सांधे. प्रत्येक ओळीला मला विचारायचा आणि खोडायचा. शेवटी एकच ओळ उरली, यात प्रथिने व जीवनसत्त्वे असतात. तेवढं त्याला मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि मीही फोनवर वाचून पाहिलं होतं. त्याखाली त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, "ज्याले फुलाच्या दिवसात शिंका येते, दमा हाय, माशी चावली का सूज येते, नाहीतर जे बाई पोटुशी हाय, त्यायनं खाऊ नये. डॉक्टरची गोळी बंद करू नये." व्यापाऱ्याला त्याचा फोटो पाठवला. व्यापारी फोनवर ओरडला, "अरे भाऊ, ही जाहिरात आहे का धमकी?" पण माल चांगला होता, म्हणून त्यानं मागणी मोडली नाही.

आता केशवराव. जागेश्वरच्या घराला घर लागून आहे. चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत तीस वर्षं जमिनीखाली काम केलेला माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण खाण अंगातून गेली नाही. बसणार तर उकिडवेच. खाणीत खुर्ची कोण देतं? पोरानं प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली तर हे खुर्चीवर पाय घेऊन तिच्यावरही उकिडवे बसतात. बायको सुमनबाई म्हणते, लग्नाच्या पंगतीतसुद्धा यांनी मांडी घातली नव्हती.

गेल्या पावसाळ्यात त्यांना तापानं धरलं. ताप गेला, पण भूक सोबत घेऊन गेला. अंगावरचं मांस उतरलं, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसू लागला. एक दिवस ते जागेश्वरला म्हणाले, "तुया त्या माशीच्या पिठानं ताकत येते म्हणते. मले दे."

दुसरा कोणी असता तर बरणी हातात दिली असती. जागेश्वरनं पहिल्या दिवशी एक दाणा त्यांच्या जिभेवर ठेवला आणि अर्धा तास समोर बसून तोंडाकडे पाहत राहिला. ओठ सुजतात का, खाज येते का. दुसऱ्या दिवशी चार दाणे. असं करत आठवड्यानं एक चहाचा चमचा. आणि त्यात एक अट, बीपीची गोळी समोर घ्यायची, मगच चमचा. "ज्या दिवशी गोळी नाही त्या दिवशी चमचा नाही, काका."

मला खरं सांगायचं तर राग आला. दोन वर्षं मी या माणसाच्या मागे गोळीसाठी लागले होते. मला ते "घेतली ना बाई" म्हणून बनवायचे. आणि आता रोज सकाळी शहाण्यासारखे गोळीचं पाकीट घेऊन शेजारी जायचे. दोन महिन्यांत भूक परतली. बीपी मी मोजलं, चांगलं होतं. गावानं सगळं पुण्य परागाला देऊन टाकलं. एकटा जागेश्वर सांगत सुटला होता, "गोळीनं झालं जी, गोळीनं." त्याचं कोण ऐकतं?

केशवरावांना उपकार ठेवायची सवय नाही. ते म्हणाले, वीस बरण्यांचा पराग मी निवडून देतो. पौष महिना होता. उन्हात अंगणात कापड अंथरायचं आणि वाळलेल्या परागातून मुंगीचा पाय, माशीचा पंख, कचरा चिमटीनं काढायचा. सकाळी बसले की दुपारी जेवायला उठायचे, आणि जेवून परत संध्याकाळपर्यंत. सहा दिवस. रोज जाता-येता मी पाहायची. पिवळे, नारिंगी, तपकिरी दाणे आणि त्यावर वाकलेलं ते पांढरं डोकं. बरं वाटायचं पाहून. मला वाटलं, म्हाताऱ्याला काम मिळालं, बरा झाला.

सातव्या दिवशी सकाळी सुमनबाई पळत माझ्याकडे आली.

केशवराव बाजेवर बसले होते. उजवा पाय पुढे होता. म्हणाले, "बाई, पंजा वर उठून नाही राहिला. उंबऱ्याले ठेचकाळलो. चप्पल पायातून गळून राहिली." मी म्हटलं, उचलून दाखवा. त्यांनी दात आवळले, मांडी उचलली गेली, पण पाऊल ओल्या फडक्यासारखं खाली लोंबत राहिलं. तोंड वाकडं नव्हतं, बोलणं साफ होतं, हात दोन्ही वर जात होते. बीपी मोजलं, ठीक. तरी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "लाखोरी."

आमच्याकडे धान कापायच्या आधीच उभ्या धानात लाखोरीचं बी फेकतात. धान निघालं की त्याच ओलीवर ती वर येते आणि पौषात निळ्या फुलांनी बांधी भरते. तिची डाळ स्वस्त आणि चवीला चांगली. पण जुन्या माणसांना विचारा. ज्या वर्षी दुसरं काही पिकायचं नाही त्या वर्षी मजुराला मजुरी म्हणून लाखोरीच मिळायची. महिनोन्‌महिने तीच खायची, आणि मग पाय जायचे. केशवरावांच्या वडिलांचे पाय असेच गेले. ते दोन काठ्या घेऊन, टाचा उचलून, पंजांवर, गुडघ्याला गुडघा घासत चालायचे. लहान केशव त्यांच्या मागे भाकरीचं गाठोडं घेऊन जायचा. मध्ये कित्येक वर्षं तर लाखोरी विकायला बंदीच होती. केशवरावांच्या घरात आजही तिचा दाणा येत नाही.

आणि जागेश्वरच्या आठही पेट्या लाखोरीच्या बांधीवर होत्या.

जागेश्वर दारात उभा राहून हे ऐकत होता. इतकी वर्षं ओळखते, पण त्याचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. त्यानं मला अंगणात गाठलं.

"उषाबाई, खरं सांगा. माह्यामुळं झालं का हे?"

नाही म्हणायला माझी जीभ रेटेना आणि हो म्हणायचं धाडस नव्हतं. मी म्हटलं, "मले नाही माहीत, भाऊ. उद्या सकाळी तुमसरले नेऊ." मी गावभर सगळ्यांना उत्तरं देत फिरते, पण त्या दिवशी मला काहीच माहीत नव्हतं. याची लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त वाटली.

दुपारपर्यंत बातमी हातपंपावर पोचली होती. कालपर्यंत ज्या बाया परागाचे गुण गात होत्या त्याच आता म्हणत होत्या, आम्हाला आधीच वाटलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. दोघीजणींनी विकत नेलेल्या बरण्या परत आणून जागेश्वरच्या ओट्यावर ठेवल्या. तो उठला. बांधीवर गेला आणि आठही पेट्यांच्या पट्ट्या काढून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या ऑटोत आम्ही चौघं बसलो. केशवराव, सुमनबाई, मी आणि जागेश्वर. वाटेत मिटेवानी गावाच्या अलीकडे जागेश्वर एकदम म्हणाला, "थांबवा जी." उतरला आणि झुडपामागे पळाला. परत आला, बसला, दोन किलोमीटरवर पुन्हा, "थांबवा." मला काही उमजेना. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा मी पुष्पाबाईला फोन लावला. ती फोनवरच रडत होती आणि चिडलीही होती.

"अर्धी वाटी खाल्ली जी यायनं! काल सांजेले बरणी उघडून बसले. म्हणते, काकाचे पाय जाईन तं माहे बी जाऊ दे. निदान समजन तरी."

जागेश्वर झुडपातून येत होता. पोट धरलेलं, मान खाली. केशवराव आत बसून सगळं ऐकत होते. काल सकाळपासून जो माणूस हसला नव्हता तो म्हणाला, "अबे, पाय पाहाचे होते का पोट?" आणि सुमनबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडम तरुण होत्या. रांग मोठी होती, तरी त्यांनी घाई केली नाही. केशवरावांना टेबलावर बसवलं, पंजा वर करायला सांगितला, बोटं हलवायला सांगितली. पायावर कापूस फिरवून कुठे कळतं, कुठे नाही, विचारलं. हातोडीनं गुडघ्यावर ठोकलं. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली, बोटानं दाबलं तसे केशवराव कळवळले.

मला राहवेना. मी पराग, लाखोरी, त्यांचे वडील, सगळं एका दमात सांगून टाकलं. जागेश्वर भिंतीला टेकून उभा होता. त्यानं आपणहून हात वर केला, शाळेत करतात तसा. "मीच देल्लं जी. मीच."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग केशवरावांना विचारलं, "बाबा, हे काय खाल्लं ते राहू द्या. गेल्या आठवड्यात तुम्ही दिवसभर बसत कसे होतात?"

"कसं म्हंजे? असा."

आणि केशवराव टेबलावरून उतरले आणि मॅडमच्या समोर फरशीवर उकिडवे बसले. बसले ते बसलेच. उठता येईना. मी आणि जागेश्वरनं दोन बाजूंनी धरून उठवलं.

"किती तास?"

"सकाळपासून सांजेपर्यंत. सा दिवस."

मॅडम हसल्या. त्या हसल्या तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा पहिल्यांदा हलला. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवून दाखवलं. इथे बाहेरच्या बाजूला एक नस हाडाच्या अगदी वरून जाते, पंजा वर उचलायचं काम तिचं. तासन्‌तास उकिडवं बसलं की ती दबते. "आणि तुम्ही तापानं वाळलेले. गुडघ्याशी गादीच राहिली नाही. बाया धानाच्या रोवणीनंतर असे पाय घेऊन येतात माझ्याकडे."

"मंग लाखोरी?" केशवरावांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"लाखोरीचा त्रास असा एका सकाळी, एका पायाला होत नाही बाबा. दुसरं काही न मिळता महिनोन्‌महिने तीच पोटभर खाल्ली तर होतो. आणि त्यात दोन्ही पाय ताठ होतात. तुमच्या एकाच पायाला आहे, आणि तो ढिला आहे. परागाच्या चमच्यानं असं झाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. त्या डाळीवर तुमच्या वडिलांनी किती दिवस काढले असतील, आणि तुम्ही चमचाभर खाल्लं."

केशवरावांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला त्यांनी हात वर नेला नाही.

पंजा वर धरणारा पट्टा दिला, व्यायाम दाखवले. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. चार आठवड्यांनी परत यायचं, फरक नसेल तर नसेची तपासणी करू, पण बहुतेक सुधारेल. जागेश्वरनं एवढ्यात विचारलं, "पन मॅडम, पराग चांगला का वाईट?"

"खाणं आहे ते," मॅडम म्हणाल्या. "प्रथिनं आहेत, जीवनसत्त्वं आहेत. बाकी जे लोक सांगतात त्याचा पक्का पुरावा अजून नाही, जे अभ्यास झाले ते छोटे आहेत. आवडलं तर चमचाभर खावं. ज्याला वावडं आहे त्यानं लांब राहावं. मला भीती असते ती दुसरीच. लोक असलं काही सुरू करतात आणि बीपीची गोळी सोडून देतात. मग येतात खरोखरचं अर्धं अंग गेल्यावर. बाबा, तुम्ही गोळी सोडली का?"

केशवरावांनी बोटानं जागेश्वरकडे दाखवलं. "हा सोडू देते का? गोळी दाखवल्याबिगर चमचाच नाही देत हा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. जागेश्वरला म्हणाल्या, "असं कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोनी नाही जी. मले वाटलं."

"बरं झालं, वाटलं तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर आल्यावर जागेश्वर पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मोठा माणूस, मिशा असलेला, सरकारी दवाखान्याच्या पायरीवर. मीही रडले, आता लपवून काय करू? जिवात जीव आला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली होती, आणि आम्ही रात्रभर त्या बिचाऱ्या कावळ्याला फासावर चढवत होतो. सुमनबाईनं सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. जागेश्वरला नुसते पोहे, तो तिखट रस्सा, तर्री, मी त्याच्यापुढून काढून घेतली.

त्यानंतर रोज सकाळी जागेश्वर केशवरावांसमोर बसायचा आणि त्यांच्या अंगठ्याकडे पाहायचा. केशवराव खुर्चीवर, पाय जमिनीला टेकवून, नव्या नवरीसारखे अवघडून. "हलवा काका." ते हलवायचे, अंगठा हलायचा नाही. पराग मात्र तो कोणाला देईना. व्यापाऱ्याचे फोन आले, उचलले नाहीत. मॅडमनी सांगितलं, मी सांगितलं, केशवरावांनी शिव्या दिल्या, तरी नाही. म्हणायचा, "पाय उठू दे. मंग पाहू." पेट्यांची दारं मोकळीच होती. माश्यांनी त्या महिन्यात चंगळ केली असेल.

तेविसाव्या दिवशी मी घरात पोळ्या लाटत होते तेव्हा आरोळी आली. लाटणं हातात घेऊनच धावले. जागेश्वर अंगणात नाचत होता. केशवरावांचा अंगठा वर उठला होता, एक बोटभर. त्यांनी मला पाच वेळा उचलून दाखवला, आणि सहाव्या वेळी पुष्पाबाईला.

महाशिवरात्रीच्या आधी एक दिवस मी बांधीवरून येत होते. लाखोरीला शेंगा धरल्या होत्या, टोकाला थोडी निळी फुलं होती. जागेश्वर पेट्यांशी होता. धुऱ्यावरून कोणी तरी येताना दिसलं, काठीशिवाय. केशवराव होते. आयुष्यात त्यांनी लाखोरीच्या बांधीत पाय ठेवला नव्हता, वळसा घालून जायचे. आज सरळ मधून आले. मी त्यांच्या पायाकडेच पाहत होते. पंजा उठत होता, टाच टेकत होती, चप्पल पायात राहत होती.

जागेश्वरच्या समोर येऊन ते उभे राहिले. दम लागला होता.

"जागेश्वर, चमचा आन."

जागेश्वरनं त्यांच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात पुसायला त्याला फडकं सापडेना, शेवटी लुंगीलाच पुसले.

"पहिले गोळी दाखवा, काका."

केशवरावांनी खिशातून पाकीट काढलं.